शारजाहून आलेले टायर

सुलेमान होडेकरांनी आयुष्यात कोणतीही वस्तू लहान मापाची आणली नव्हती. थोरल्या बहिणीसाठी शारजाहून आणलेला गालिचा दारातून आत जाईना, म्हणून दाराची चौकट काढावी लागली होती. भाच्याच्या लग्नासाठी पाठवलेले पातेले अजूनही अंगणातच उपडे पडलेले होते, कारण घरातली कोणतीच चूल त्याला पेलत नव्हती. तेव्हा भाचीच्या गाडीसाठी टायर घ्यायला ते दुकानात शिरले आणि तिथले सर्वांत रुंद टायर उचलून बाहेर पडले, यात नवल ते काय!

भाची म्हणजे फिजा. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात बसे आणि रविवार साधून घाटावर कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर गाडी पळवायला जाई. पोरीच्या जातीला हे शोभत नाही, अशी कुजबुज नातेवाइकांत सुरू झाली, तेव्हा सुलेमानांनी शारजाहून फोन करून सर्वांना एकच वाक्य ऐकवले होते, ‘‘तिची गाडी ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसापासून माझं ईदला घरी येणं थांबेल.’’ कुजबुज त्याच दिवशी मिटली. होडेकरांच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि त्यांनी आणलेली वस्तू कोणी परत करत नसे.

येत्या रविवारी ट्रॅकवर निवडीची फेरी होती. तीत वेळ चांगली लागली, तर फिजाला कोईमतूरच्या अंतिम स्पर्धेत जागा मिळणार होती. तीन हंगाम तिची ही जागा थोडक्यात हुकली होती. या वर्षी मामू स्वतः हजर होते, आणि गाडीला त्यांचे टायर होते.

सरावासाठी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याचे डांबरी आवार मिळाले होते. सुलेमान सावलीत खुर्ची टाकून बसले. शेजारी बहीण रझिया चहाचा थर्मास सांभाळत होती.

‘‘एवढे रुंद टायर,’’ ती म्हणाली, ‘‘गाडीला आहेत की रोडरोलरला?’’

‘‘आपा, जेवढा टायर रुंद तेवढी जमिनीवर पकड. एवढं तर शेंबडं पोरही सांगेल.’’

‘‘मग शेंबड्या पोरालाच विचारून आणलेस वाटतं.’’

सुलेमानांचे लक्ष फिजाकडे होते. प्रत्येक फेरीआधी ती वाकून टायरच्या कडेवर खडूने एक आडवी पट्टी ओढे. पट्टी नक्षीच्या टोकापासून निघून खाली टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भागावर, उतरे. फेरी संपली की ती खाली वाकून पट्टी पाही, ओठ मिटून घेई आणि पंपाने हवा भरू लागे. पुढची फेरी झाली की थोडी हवा सोडी. वळणावर गाडी आधी रेंगाळे आणि मग उशिरा, मनाविरुद्ध वळल्यासारखी वळे.

‘‘काय गो, कसे आहेत टायर?’’ त्यांनी हाक मारून विचारले.

‘‘एक नंबर, मामू!’’

हा सूर सुलेमानांच्या चांगला ओळखीचा होता. मालवाहू गलबतावर ते सारंग, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते, आणि जेवण कसे झाले असे विचारल्यावर खलाशी याच सुरात उत्तर देत.

ते उठले आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसले. खडूची पट्टी जवळजवळ साऱ्या कुशीवरून पुसली गेली होती. वळणावर टायर कुठवर टेकावा हे दाखवायला कंपनीने त्याच्या खांद्यावर कोरलेला छोटा त्रिकोण केव्हाच मागे पडला होता. गाडीच्या डिकीत जुने, अरुंद टायर होते. त्यांवरची मागल्या सरावाची पट्टी त्रिकोणापर्यंतच पुसली गेली होती. जहाजाच्या कुशीवर रंगवलेली भाररेषा पाण्याखाली गेलेली पाहिली की सुलेमान कोणाचीही भीड न धरता माल उतरवायला लावत. इथे रेषा कोणाच्या मालाने बुडाली होती, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

त्यांनी भाच्याला, मासेमारीची बोट चालवणाऱ्या फिजाच्या थोरल्या भावाला, बाजूला घेतले. ‘‘अद्नान, खरं सांग.’’

अद्नानने मान खाली घातली. ‘‘रिम सहा इंच रुंद आहे, मामू. टायर जवळजवळ नऊ इंचांचा. तो रिमवर चेपून बसतो आणि वळणावर कुशीवर कलंडतो.’’

‘‘मग रुंद रिम घाला.’’

‘‘तिच्या गटात कंपनीचीच रिम चालते.’’

‘‘हवा वाढवून?’’

‘‘मग मधलाच भाग टेकतो. दोन्ही कडा अधांतरी राहतात.’’

‘‘हे तुला केव्हापासून ठाऊक?’’

‘‘टायर घरी आले तेव्हापासून. फिजाने शपथ घातली होती, मामूंना बोलायचं नाही म्हणून. रविवारीसुद्धा याच टायरांवर पळणार म्हणते.’’

सुलेमानांनी घसा साफ केला, आणि सारंगाचा जुना आवाज आवारभर घुमला.

‘‘फिजा! माझे टायर कधी परत करणार आहेस?’’

ती चकित होऊन गाडीतून उतरली. ‘‘परत? मामू, तुम्ही तर...’’

‘‘दोन दिवस हौस म्हणून वापरायला दिले, तर तू मालकीणच झालीस! ते मी अद्नानच्या बोटीला आणलेत. धक्क्याला लागताना बाजूला टांगायला.’’

रझियाने भुवया उंचावल्या. ‘‘बोटीला टांगायला शारजाचे टायर? मिरकरवाडा बंदरात जुन्या टायरांचा दुष्काळ पडला की काय?’’

‘‘आपा, बोट होडेकरांच्या भाच्याची आहे. ती धक्क्याला लागेल, तीही ऐटीत लागेल.’’

रझियाने भावाकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. मग तिने चहा ओतला. पहिला कप नेहमी ती स्वतः घेई. आज तो तिने त्याच्यासमोर ठेवला.

‘‘मामू, मला खरंच त्यांच्यावर...’’ फिजा बोलू लागली.

‘‘वाद नको. जॅक काढ.’’

रविवारी सुलेमान ट्रॅकवर गेले नाहीत. सकाळपासून ते मिरकरवाड्याच्या धक्क्यावर अद्नानच्या बोटीला टायर बांधत होते. दोर स्वतः निवडला, गाठी स्वतः मारल्या. शेजारच्या बोटीवरून कोणीतरी ओरडले, ‘‘सुलेमानभाय, बोटीला चाकं लावली, आता इंजिन विकून टाका!’’ ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शेवटची गाठ आवळत असतानाच फोन वाजला.

‘‘मामू!’’ फिजाला धाप लागली होती. ‘‘मामू, ऐका ना...’’

‘‘आधी सांग, खडू कुठवर पुसला?’’

‘‘त्रिकोणापर्यंत,’’ ती म्हणाली. ‘‘बरोबर त्रिकोणापर्यंत. आणि मी कोईमतूरला जातेय.’’

सुलेमानांनी मान डोलावली. फोनवर ते तिला दिसणार नव्हते, याचे त्यांना भान राहिले नाही.

‘‘छान,’’ ते म्हणाले. ‘‘पुढल्या महिन्यात मी शारजाला परततोय. तिथून काही हवं असेल, तर आत्ताच सांग. आणि मापासकट सांग.’’