बाईसाहेबांच्या पोटातली सावली

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लेमूरच्या पिंजऱ्यात म्हातारी मादी मेलेली आढळली. ती फळीवरून पडली नव्हती. रोजच्या कोपऱ्यात, शेपूट अंगाभोवती गुंडाळून, बसल्या बसल्याच गेली होती. पोट मात्र भोपळ्यासारखं फुगलं होतं. वहिनींनी आधी तिला हात लावला आणि मग हातमोजे घातले. नियमाप्रमाणे हा क्रम उलटा हवा.

वहिनी म्हणजे लेमूर सांभाळणाऱ्या बाई. या प्राणिसंग्रहालयात त्यांचा धाकटा दीर आधीपासून कामाला होता. तो वहिनी म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणू लागले, आणि बघता बघता डॉक्टरीणबाईंपासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. दीर कोल्हे सांभाळतो. त्याला सगळे कोल्होबा म्हणतात. तो चिडत नाही, म्हणून ते नाव टिकलं.

लेमूर हे माकडांचे लांबचे नातलग. मांजराएवढे, शेपटीवर काळेपांढरे पट्टे. म्हातारी गेल्यावर तीन उरले: दोन नर आणि एक तरुण मादी. ही मादी द्राक्ष हातातून दिल्याशिवाय खात नाही, आणि दिलेलं द्राक्ष मऊ निघालं तर परत करते. तिला बाईसाहेब म्हणतात.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचं पोट उघडलं. आत पाणी होतं आणि पाण्यात मोत्यांएवढ्या पांढरट पिशव्या तरंगत होत्या. मोजायचा प्रश्नच नव्हता, ट्रे भरला.

"पट्टकृमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फितीसारखा चपटा जंत. मोठा जंत राहतो कोल्ह्याच्या नाहीतर कुत्र्याच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती उंदराने खाल्ली, की उंदराच्या पोटात या पिशव्या होतात. मग कोल्हा उंदीर खातो आणि जंत परत घरी."

"पण ही काय उंदीर होती का?"

"ते जंताला कुठे कळतंय, वहिनी?"

वहिनी हसल्या नाहीत. पुढचा प्रश्न त्यांना विचारण्याआधीच कळला होता. कोल्ह्याची घाण लेमूरच्या पोटात गेली कशी?

दर मंगळवारी त्या स्वतःच ती नेत होत्या. पिंजऱ्यातल्या प्राण्यांना कंटाळा येतो. वास नवा मिळाला की ते जागे होतात, हुंगतात, ओरडतात, सकाळभर कामात राहतात. म्हणून वहिनी कोल्ह्यांच्या निजण्याच्या पेटीतलं मूठभर गवत आणून लेमूरच्या फांद्यांवर पसरायच्या. कोल्होबा ते गवत पिशवीत भरून तयार ठेवायचा. कल्पना वहिनींचीच. संचालकांनी तिचं जाहीर कौतुक केलं होतं आणि इतर पिंजऱ्यांनाही ती लावायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिघांची सोनोग्राफी झाली. नरांची पोटं साफ निघाली. बाईसाहेबांच्या ओटीपोटात मात्र पडद्यावर एक काळी गोल सावली दिसली, वाटाण्याएवढी. पाण्याने भरलेली पिशवी.

"झालं, हिलापण लागण," कोल्होबा म्हणाला. तो दारात उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"लागण कशाला? पोटुशी आहे ती," वहिनी म्हणाल्या. "मागच्या महिन्यात थोरला नर तिच्यामागे होता. मी पाहिलंय."

"भांडत होते ते. मीपण पाहिलंय."

"भाऊजी, तुम्ही कोल्ह्यांचं बघा."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुन्हा फिरवलं. गर्भ असेल तर तो फार लहान, त्याचं हृदय दिसायला अजून वेळ आहे, असं त्यांनी सांगितलं. गर्भ नसेल तर ती पट्टकृमीची पिशवी. या घटकेला दोन्ही एकसारख्याच दिसतात. पिशवी असेल तर औषध लगेच सुरू करायला हवं, कारण एकीच्या दहा व्हायला वेळ लागत नाही. म्हातारीचा ट्रे सगळ्यांनी पाहिलाच होता. पण तेच औषध पोटातल्या पिल्लाला वाकडं करतं किंवा मारतं.

"मग कसं ठरवायचं?" वहिनींनी विचारलं.

"कोल्ह्यांच्या विष्ठेवरून. त्यात अंडी सापडली तर तुमच्या गवतातून ती सगळ्यांच्याच पोटात गेली असणार. मग ही पिशवी जंताचीच समजून मी औषध देणार. अंडी नसतील, तर म्हातारी हे दुखणं येतानाच घेऊन आली असेल. मग थांबता येईल."

सलग तीन दिवस नमुने गेले. तिन्ही स्वच्छ आले. एकही अंडं नाही.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाईसाहेबांना तीन द्राक्षं जास्त दिली. थोरल्या नराला नको तितक्या आदराने "या जावईबापू" म्हटलं. चहाच्या खोलीत त्या बोलत सुटल्या, पिल्लासाठी वरच्या फळीला कठडा लावून घ्यायला हवा, सुताराला आजच सांगायला हवं. कोल्होबा समोर बसून कपातल्या चहाकडे बघत होता. त्यावर साय धरली तरी त्याने तो उचलला नाही.

"तुमचं काय बिनसलंय, भाऊजी?"

"काही नाही."

"बोला."

"म्हातारीला उघडलं ना, त्या दुपारी मी कोल्ह्यांना जंताच्या गोळ्या घातल्या. खिम्यातून."

वहिनींना आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. मग वाटलं.

"नमुने घ्यायच्या आधी?"

"आधीच. म्हटलं, तुमच्या गवताचं निघालं तर सगळं तुमच्यावर शेकणार. संचालक आज डोक्यावर घेतात, उद्या आपटतात. कोल्हे साफ निघाले की विषय संपला. गोळ्या तर आपण एरवीही देतोच, वहिनी. वाईट काय केलं मी?"

"आणि गोळ्यांनंतरची घाण?"

"जाळली. फरशी धुतली. दोनदा."

कोल्होबा कामात कधी कसूर करत नाही, ही त्याची ख्याती आहे. त्या दिवशीही त्याने केली नव्हती.

वहिनींनी त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेलं. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही अहवाल एकावर एक ठेवले आणि टेबलाच्या कडेला सरकवले.

"आता हे स्वच्छ आहेत याचा अर्थ काहीच नाही," त्या म्हणाल्या. "जंत कधी नव्हतेच म्हणून स्वच्छ, की गोळ्यांनी मेले म्हणून स्वच्छ, मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. जाळायच्या आधी तुम्ही त्यात बघितलं का? पांढरे तुकडे दिसतात, तांदळासारखे."

कोल्होबा विचारात पडला. "दिसलं होतं पांढरं काहीतरी."

"म्हणजे होते."

"पण भिंतीला नुकताच चुना मारला होता ना. त्याचे पापुद्रे पडतात खाली."

"चुना होता की जंत?"

"मॅडम, मी ते जाळायला निघालो होतो, निवडायला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळ चोळलं. लेमूरच्या पिंजऱ्यातलं जुनं गवतही तपासण्यासारखं राहिलं नव्हतं. ते वहिनींनी स्वतःच, म्हातारी गेली त्याच संध्याकाळी, खरवडून काढून टाकलं होतं. तोही नियमच होता. संचालकांना फोन केला तर ते म्हणाले, निर्णय वैद्यकीय आहे, डॉक्टरांनीच घ्यावा. आणि मंगळवारचा गवताचा कार्यक्रम तूर्त बंद ठेवावा, पण त्याची वाच्यता नको.

राहिली एकच गोष्ट. डॉक्टरीणबाई वहिनींकडे वळल्या.

"तुम्ही त्या दोघांना पाहिलं म्हणालात. नक्की काय पाहिलं?"

चार दिवसांपूर्वी वहिनींनी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता त्यांनी तो प्रसंग मनात पुन्हा लावून पाहिला. त्या पाण्याची कुंडी घासत होत्या. वर फांदीवर गडबड झाली. नर मागे होता, बाईसाहेब पुढे. मग बाईसाहेबांनी वळून त्याच्या कानाखाली वाजवली. हे आधी झालं की नंतर? की तेवढंच झालं? आणि त्या वेळी मधल्या फांदीची पानं आड आली असावीत, कारण वरचं दिसत नाही म्हणून ती खुडल्याचं त्यांना आठवत होतं. पण ती त्याच दिवशी खुडली की दुसऱ्या?

"अर्धं पाहिलं," त्या म्हणाल्या.

"अर्धे दिवस जात नसतात, वहिनी."

कोल्होबा हसला.

"मी तेव्हा भांडण म्हटलं होतं," तो म्हणाला. "पण मी तर लांबून पाहिलं. कुंपणापलीकडून. असेलही ते."

"आता असेलही म्हणता?" वहिनी कडाडल्या. "तेव्हा तर शपथेवर बोलत होतात."

"तेव्हा मला वाटत होतं. आता तुम्हालाच वाटत नाही, तर मला कसं वाटणार?"

डॉक्टरीणबाईंनी औषधाचा पहिला डोस वजनाप्रमाणे काढला आणि फ्रिजमध्ये ठेवला. शुक्रवारी पुन्हा सोनोग्राफी करायची, तोवर तो द्यायचा नाही, असं ठरलं. सावली वाढली तर काय समजायचं, हे वहिनींनी विचारलं. पिल्लूही वाढतं आणि पिशवीही वाढते, असं उत्तर मिळालं. मग बघायचं कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवारी बाईसाहेब तपासणीला आपणहून आल्या. त्यांना तशी सवय लावली आहे: जाळीला धरून उभं राहायचं, पोट पुढे करायचं, द्राक्ष घ्यायचं. वहिनी द्राक्षं देत होत्या. कोल्होबाला आत यायला मनाई होती, म्हणून तो खिडकीतून बघत होता.

"काय दिसतंय?" त्याने काचेवर टकटक केली.

"गप्प बसा, भाऊजी."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र एका जागी दाबून धरलं, मग किंचित तिरकं केलं. पडद्यावर सावलीच्या शेजारी दुसरी सावली आली. तेवढीच गोल, तेवढीच काळी.

"दोन," वहिनी म्हणाल्या. "जुळी. लेमूरना होतात जुळी, हो ना?"

"होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिशवीच्याही दोन होतात."

डावीकडच्या सावलीच्या कडेला काहीतरी लुकलुकल्यासारखं वाटलं. वहिनींनी बोट दाखवलं. ते हृदय असू शकतं, किंवा मागून जाणारी बाईसाहेबांचीच रक्तवाहिनी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि नीट बघण्यासाठी यंत्र सरकवलं. तेवढ्यात द्राक्षं संपली. बाईसाहेबांनी जाळी सोडली, पोटावर लावलेलं ओलं जेल चाटलं आणि वरच्या फळीवर जाऊन पाठ करून बसल्या. अर्धा तास बोलावूनही त्या खाली आल्या नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी पिंजरे बंद होईपर्यंत डोस फ्रिजमध्येच होता.