लाल गोदामावरची पिवळी भिंत

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर निळ्या रंगाचा शेवटचा हात फिरला.

मित्रांनो, मी बंदराच्या डोंगरावरची एक जुनी पिवळी भिंत आहे. म्हणजे, चार वाजून नऊ मिनिटांपर्यंत होते.

आमच्या गावात जहाजांचा उरलेला रंग घरांना लावतात. ज्याला जो डबा मिळेल, तो त्याच्या घराचा रंग. म्हणून हा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत रंगीबेरंगी. पाहुणे जिने चढून धापा टाकत येतात, मला टेकून फोटो काढतात आणि मग होडीतून किनारा पाहायला जातात. माझं खरं काम त्यांना ठाऊक नसतं.

खाली धक्क्यावर लाल गोदाम आहे. समुद्रातून येताना मी बरोबर त्या गोदामाच्या डोक्यावर दिसले, की होडीची वाट सुरक्षित. त्या वाटेवरून जरा ढळलं, की पाण्याखाली खडक. ज्याच्या घराची मी भिंत, तो होडीवाला चाळीस वर्षं मला पाहूनच घरी आला. पण हे त्याने बायकोला कधी सांगितलं नाही. ती मला फक्त गल्लीतून पाहायची. तिला दिसायचे ते माझे पोपडे.

आज होडीवाला तापाने झोपला होता. होडी त्याच्या मुलीने नेली, पहिल्यांदाच एकटीने, सहा पाहुण्यांना घेऊन. इकडे मुलीचा मामा निळ्या रंगाचे दोन डबे घेऊन आला.

"भाऊजी उठायच्या आत उरकू, ताई. स्वतःचं घर ओळखणार नाहीत!"

पावणेपाचला होडीवाला चहा मागत बाहेर आला. त्याने मला पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"हे कुणी केलं?"

"आवडलं नाही का?" बायकोने विचारलं.

"अगं, पोरीला मी काय सांगून पाठवलंय? पिवळी भिंत गोदामाच्या डोक्यावर धर. आता तिला पिवळं दिसणार ते पलीकडचं बेकरीवाल्याचं घर. ते धरून आली, तर थेट खडकावर!"

"मग इतकी वर्षं पोटात ठेवलंत कशाला?"

"फोन लावा ना तिला," मामा म्हणाला.

फोन खुंटीवरच्या पिशवीत वाजला. भिजू नये म्हणून मुलगी तो घरीच ठेवून गेली होती. धक्क्यावर दुसरी होडीही नव्हती. सगळ्या मासेमारीला गेल्या होत्या.

पिवळा रंग घरात नव्हता. पण माझ्यावरचा निळा अजून ओला होता. मामाने चिंध्या टर्पेंटाइनमध्ये बुडवल्या आणि तिघेही मला घासू लागले. आधी मी हिरवी झाले.

"हिरवं नको, पिवळं हवंय!" होडीवाला ओरडला.

"रंग मला विचारून येतो का, भाऊजी? घासा!"

पाच वाजून वीस मिनिटांनी होडी डोंगराच्या टोकाला वळसा घालून दिसू लागली. तिचं नाक बेकरीवाल्याच्या घराकडे होतं. तोवर माझा जेमतेम चादरीएवढा पिवळा तुकडा उघडा पडला होता.

मित्रांनो, मला रंगवायला माझी ना नाही. पोपडे मलाही शोभत नव्हते. पण जुन्या वस्तूला हात लावण्याआधी विचारा, ती कुणाच्या उपयोगी पडते. आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याने घरच्यांना सांगून ठेवावं.

आता पाच वाजून एकतीस मिनिटं झाली आहेत. होडीचं इंजिन थांबलं आहे. खडकाच्या अलीकडे ती लाटांवर हेलकावते आहे. मुलगी डोळ्यांवर हाताची सावली धरून एकदा बेकरीवाल्याच्या घराकडे, एकदा माझ्या पिवळ्या तुकड्याकडे पाहते आहे. होडीचं नाक अजून वळलेलं नाही. तिन्ही चिंध्या चालू आहेत.