मैलभर सवत

दुसरी बाई असती ना, तर झिंज्या धरून वेशीबाहेर काढली असती. पण रस्त्याच्या झिंज्या कुठं धरायच्या, सांगा मला.

स्वराज्य आलं, मागनं काही वर्सांनी चाकणहून भामेच्या खोऱ्यात हा सरकारी रस्ता आला, आन् आमचे मालक त्याच्यावर मैलकुली म्हणून लागले. एक मैल रस्ता त्यांच्या हवाली. खड्डे बुजवायचे, कडेचं गटार काढायचं, नव्या झाडांना नदीचं पाणी घालायचं. लोक म्हणायचे, ज्योतीरामाचा मैल म्हंजी सारवलेलं अंगण. आन् ज्योतीरामाचं अंगण? तिथं म्हशी रुतायच्या.

एक टोपली मुरूम दारात टाका म्हणून जीभ झिजली माझी. तर म्हणायचे, सरकारी मुरूम हाय, घरी आणला तर चोरी व्हती. बरं, सरकारी तर सरकारी. पण सुट्टीच्या दिवशीबी त्या सवतीकडंच, रस्त्याकडंच जायचे. उकिडवं बसून तळहातानं थोपटायचे तिला. त्यो हात माझ्या पाठीवर कधी फिरला न्हाई.

एकदा मी त्यांची भाकरी घेऊन गेले, तर वळणावर पुण्याची मोटार थांबलेली. खाली नदी, भाताची खाचरं, आन् एक गोरीगोमटी बाई म्हणत व्हती, काय देखणा रस्ता हो! आमचे मालक नवऱ्या मुलावाणी लाजले. मी भाकरी तशीच माघारी नेली.

सकाळी बोचकं बांधलं. म्हणलं, "दारात मुरूम पडल्याबिगार मी यायची न्हाई. तिला नांदवा, न्हाईतर मला."

माहेर आंबेठाणला. जायचं तेबी तिच्याच अंगावरनं. वाटंत एक खडा टोचला न्हाई पायाला, त्यानं तर मी आणखीच जळले.

माझी आई, अंबूबाई, रोज म्हणायची, जा गं, माणूस उपाशी असंल. मी हटले न्हाई. मग सासरच्या गावचा मुरारी बाजाराला जाताना सांगून गेला, ज्योतीराम आपल्याच माळावरचा मुरूम खणून डोक्यावर वाहतोय घरी. काय सांगू, ऊर भरून आला. हिरवी चोळी घातली आन् निघाले. वाटंत मान ताठ ठेवली, तिच्याकडं बघितलंबी न्हाई.

दारात येऊन थबकले. तांबडा मुरूम, धुमसानं चोपलेला. मधी उंचवटा, पाणी दोन्ही अंगांना वाहून जाईल असा उतार. कडंनं गटार, चुना लावलेल्या दगडांची रांग. तुळशीलासुद्धा रस्त्याच्या झाडांवाणी गेरू-चुन्याचे पट्टे. आन् हे उकिडवं बसून थोपटत व्हते. डोळे भरले माझे. माझ्यासाठी केलं म्हणलं सगळं.

पाय टाकला, तर त्यांनी हात वर केला.

"कुशे, कडंनं ये. मधला अजून बसायचाय."

म्हंजी सवतीला उंबऱ्यापातूर आणून बसवली व्हती या माणसानं. मी बोचकं छातीशी धरलं आन् माझ्याच अंगणात, कडंकडंनं, घरात गेले.