तांदळातलं नाव

पळसदरीच्या त्या घरात सकाळपासून वडे तळणं चाललं होतं, आणि ते तळणारी बाई, निदान नावानं तरी, वर्षभरापूर्वीच वारली होती.

तिचं खरं नाव ईशानी. यज्ञेशची पहिली बायको सुरभी काविळीनं गेली आणि सहा महिन्यांत ही आली. लग्नात सासूबाईंनी, म्हणजे सुचेताबाईंनी, ताटात तांदूळ पसरले आणि लेकाकडून अंगठीनं पुन्हा 'सुरभी'च लिहून घेतलं.

"नवं कशाला? हेच तोंडात बसलंय."

गुरुजींनी अर्थही सांगितला होता. सुरभी म्हणजे कामधेनू, मागाल ते देणारी. ईशानी म्हणजे सत्ता चालवणारी.

"मग मी काय करू घरात?" म्हणत सासूबाईंनी ते नाव तिथंच निकालात काढलं.

तेव्हापासून हाक आली की ईशानीला वाटायचं, आपल्याबरोबर मागं आणखी कुणीतरी उठलं.

आज वर्षश्राद्ध. ओटीवर गुरुजींनी विचारलं, "मृत व्यक्तीचं नाव?"

"सुरभी," यज्ञेश मोठ्यानं म्हणाला.

"आले!" आतून आवाज आला.

गुरुजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली. यज्ञेश पांढराफटक झाला. कढईतलं तेल चुरचुरत राहिलं. आपण कशाला ओ दिली ते ईशानीला कळलं, आणि भर उन्हाळ्यात तिच्या अंगावर काटा आला.

पुढं कावळा शिवेना. पान गच्चीवर ठेवलेलं, कठड्यावर चार कावळे, पण एकही पुढं येईना. तास गेला.

"सुरभीला काय कमी पडू देणार नाय!" सासूबाईंनी हात जोडले.

"कुठल्या?" गुरुजींनी हळूच विचारलं.

कशेळ्याहून आलेली जनी, मेलेल्या पोरीची आई, इतका वेळ जिन्यापाशी गप्प होती. ती पुढं आली.

"सुरभी कोण गं? माझ्या पोरीचं नाव बिजली. आमच्या वाडीत लाईट आली त्या दिशी जल्मली." मग वर बघून ती म्हणाली, "बिजले, ये गं बाय. जेव."

कावळा उतरला. वडा उचलून गेला.

भांडी आवरता आवरता ईशानी सासूबाईंपुढं थांबली.

"आई, उद्या मी गेले तर मला कुठल्या नावानं बोलवाल? माझी आई तर नाय राहिली सांगायला."

"काय अभद्र बोलतेस गं!"

"आजपासून सुरभी म्हणून हाक मारलीत तर मी ओ देणार नाय. माझं नाव ईशानी. नाव माझ्या आईनं ठेवलंय."

"अगं, ही रीतच हाय! माझं नाय बदललं? मी रडले?"

"तुमचं काय होतं?"

सुचेताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. बेचाळीस वर्षांत त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती. यज्ञेश आईकडं बघत राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"चिमा," त्या अखेर पुटपुटल्या.

आणि त्यांनी दचकून मागं वळून पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं.