फुलावर आलेलं झाड

मी टोमॅटोवरचा विषाणू बोलतोय. टोमॅटो पिकवणाऱ्या सुमनबाई मला 'वायरस' म्हणतात. पारनेरकडची सगळीच माणसं म्हणतात. मी डोळ्यांना दिसत नाही, पण येऊन गेलो की सगळ्या शिवाराला कळतं.

माझं बिऱ्हाड एवढंसं: तीन धाग्यांवर लिहिलेल्या पाच सूचना. पण घर बदललं की वाचन बदलतं. टोमॅटोत एका पेशीतून दुसरीत वाट काढायची सूचना मोठ्यानं वाचावी लागते, मिरचीत तीच दबक्या आवाजात. मला झाडावरून झाडावर नेणाऱ्या चिमुकल्या फुलकिड्याच्या पोटात तिच्यावाचून काही अडत नाही. तिथं हवी अंगावरची झूल. ती झूल ओळखूनच तो मला आत घेतो, आणि तोही पिल्लू असतानाच. मोठेपणी भेटलेला किडा मला ओळख देत नाही. माणसांतही असंच असतं म्हणे.

झाडाचं आणि माझं मात्र कधीच पटलं नाही. मी राहायला गेलो की शेंडा काळवंडतो, पानं वाळतात, झाड मरतं. ज्या घरात जावं तेच मोडायचं. मग एकटेपणाचं गाऱ्हाणं सांगू कुणाला?

सुमनबाईंच्या रानात पहिल्यांदा बांधाजवळचं एक झाड माझ्यामुळे आजारी पडलं. त्यांची लेक प्रज्ञा शेतकी विद्यापीठात माझाच अभ्यास करते. तिनं फोनवर बजावलं, "आई, ते झाड आजच उपटून पुरून टाक."

"टाकते की," म्हणत सुमनबाई झाडापाशी गेल्या आणि थबकल्या. त्याला फुलं आली होती. फुलावर आलेलं झाड त्यांनी उभ्या जन्मात उपटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा "उपटलं बग," म्हणाल्या.

बाई धडधडीत खोटं बोलल्या. त्या झाडावर फुलकिड्यांची पिल्लं वाढत होती. त्यांना पंख फुटले आणि महिन्याभरात सगळ्या प्लॉटचे शेंडे काळे पडले. प्रज्ञा आली ती थेट बांधाकडे गेली.

"उपटलं म्हणालीस ना?"

"पोटुशी बाई घराभायेर काढल्यागत वाटलं गं."

प्रज्ञानं त्या झाडाची चार पानं बर्फाच्या डब्यात ठेवली आणि मला घेऊन गेली.

विद्यापीठाच्या जाळीघरात फुलकिडा नाही. रोगट पान वाटायचं, तो रस नव्या रोपाला चोळायचा, अशी माझी बदली व्हायची. झूल कुणी मागेनाच. आणि स्वतःच्या नकला करता करता झूल विणायची सूचनाच माझ्याकडून गळून गेली. प्रज्ञानं तपासून वहीत लिहिलं, तेव्हा मला ते कळलं. आता जाळी फाटून फुलकिडा आत आला, तरी तो मला दारात उभं करणार नाही. हे शेवटचं झाड, एवढंच माझं जग.

आज सुमनबाई लेकीचं काम बघायला आल्यात.

"ह्योच का आपल्या रानातला?"

"हो. माझं काम झालं. आता हे झाड नष्ट करायचं."

झाडावर उशिरा आलेलं एकच पिवळं फूल आहे. सुमनबाईंचा हात तिथंच अडला. "फुलावर हाय गं."

"राहू दे, मी उपटते."

"नगं. माजंच काम राह्यलंय त्ये."

त्यांनी बुडाशी मूठ घातली आहे. मुळं सुटताहेत. बाई, तुमच्या रानाचं मी वाटोळं केलं, माफी मागायला मला तोंड नाही. तुम्ही त्या दिवशी ठेवून घेतलंत ते झाडाला, हेही मला ठाऊक आहे. तरी एवढ्या घरांत राहिलो, पण मला ठेवून घेणाऱ्या तुम्ही एकट्याच.