मुद्दलाला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एक जुने पासबुक आहे. बत्तीस पानांचे, करमुक्त बचत खात्याचे. करमुक्त म्हणजे माझ्यात जमणाऱ्या व्याजावर सरकार कर घेत नाही. त्या बदल्यात अट अशी की वर्षाला ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त भरायचे नाही. माझ्या प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: तारीख, तपशील, भरलेली रक्कम, काढलेली रक्कम आणि शिल्लक. यातला चौथा रकाना तब्बल सतरा वर्षे कोरा होता. त्याचा मला केवढा गर्व होता, काय सांगू!

माझा जन्म छापखान्यात झाला. शंभर भावंडांचा आमचा गठ्ठा पाठीला पाठ लावून बँकेच्या कपाटात बसला होता. अंधार होता, पण शेजारी कुणीतरी आहे हे कळत असे. तेवढी सोबत मला पुन्हा कधी मिळाली नाही.

एके दिवशी गठ्ठ्याची दोरी सुटली आणि मी काउंटरवर एका बाईंच्या हातात पडले. त्या वह्या-पुस्तके बांधायचे काम करत. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांनी माझ्यातली रक्कम पाहिलीच नाही. मला उलटे करून माझी शिवण पाहिली.

"दोनच टाके? एवढ्या मोठ्या बँकेला दोरा परवडत नाही होय?"

घरी नेल्यावर त्यांनी मला चक्क उसवले. माझा जीव टांगणीला लागला. पण लगेच मेण लावलेल्या दोऱ्याने पाच पक्के टाके घातले, हिशेबाच्या वह्यांचे उरलेले तांबडे कापड माझ्यावर चढवले आणि हाडाच्या पट्टीने माझ्या कडा दाबून सरळ केल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, आपण भाग्यवान आहोत.

ताईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. चव्वेचाळीस पायऱ्या. तिथेच राहणे आणि तिथेच काम. खिडकीशी कागद कापायचे लोखंडी यंत्र होते. ते चार माणसांनी घाम गाळून वर चढवले होते, त्यामुळे ताईंना तिथून हलणे शक्य नव्हते. माझी जागा टेबलाच्या खणात होती, दाभण आणि दोऱ्याच्या रिळांशेजारी. खळीचा वास मला तेव्हापासून लागला तो अजून सुटलेला नाही.

ताईंना एकच धाकटी बहीण होती. ती दुसऱ्या गावात शिवणकाम शिकवत असे. आयुष्यभर पायाने यंत्र चालवून तिच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. तिला चव्वेचाळीस पायऱ्या म्हणजे डोंगर. म्हणून दोघींनी मिळून ठरवले होते की ताईंच्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घ्यायची आणि धाकटीने तिथे येऊन राहायचे. ताईंनी दिवसभर वर काम करायचे आणि जेवायला, गप्पांना खाली जायचे. मी जन्माला आले ते या खोलीसाठी.

पण भाडे द्यायचे कशातून? ताईंचा नियम पक्का होता. त्यांच्या वडिलांचे कागदाचे दुकान होते. अडचणीच्या दिवसांत वडिलांनी भांडवल थोडे थोडे करून खाल्ले आणि एक दिवस दुकानाला टाळे लागले. तेव्हापासून ताई म्हणत, "मुद्दलाला हात लावायचा नाही. भाडं निघेल ते व्याजातून." वर्षाच्या व्याजात बारा महिन्यांचे भाडे निघाले की धाकटीने सामान बांधायचे, असे ठरले.

ताईंनी पोटाला चिमटा काढून पैसे भरले. धाकटीही जमेल तसे पाठवत असे. ते दिवस माझ्या वैभवाचे होते. व्याजाचा दर चांगला होता. नवव्या वर्षी व्याजात अकरा महिन्यांचे भाडे निघाले. अकरा! ताईंनी मला छातीशी धरले आणि धाकटीला फोन लावला. "एकच महिना राहिला गं. पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी दर उतरला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी उतरला. ताई भरत होत्या, माझी शिल्लक वाढत होती आणि व्याज मात्र आक्रसत होते. अकराचे आठ झाले, आठाचे पाच, आणि शेवटी दोन महिन्यांचे भाडेसुद्धा जेमतेम निघू लागले. ताई पूर्वी मला दर महिन्याला बँकेत नेत. पुढे वर्षातून एकदा नेऊ लागल्या. बाकी सारा काळ मी खणात दाभणाशेजारी पडून असे. दाभण निदान रोज बाहेर जायचे.

त्या वर्षांत तळमजल्याची खोली दोनदा रिकामी झाली. घरमालक दर वेळी आधी ताईंना विचारी. ताई म्हणत, "यंदा नको, दर जरा वर येऊ दे." रविवारी फोनवर धाकटीचा आवाज खणात ऐकू येई. सुरुवातीला ती हसून म्हणे, "बँकेला विचार, माझ्या गुडघ्यांना किती टक्के देते." पुढे पुढे ती खोलीचा विषयच काढेनाशी झाली.

आणि मी? मी खुशाल होते. खोटे कशाला बोलू? माझा चौथा रकाना स्वच्छ होता आणि शिल्लक भरघोस होती. आपण किती सुंदर दिसतो, या विचारात मी खणात दिवस काढले.

मग खोली तिसऱ्यांदा रिकामी झाली. घरमालकाने सांगितले, "शनिवारपर्यंत कळवा. या वेळी दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या बँकेने पाटी लावली: करमुक्त खाते, पाच वर्षांसाठी, दुप्पट व्याज. शेजारचे निवृत्त हिशेबनीस जिना चढून सांगायला आले. "ताई, पैसे कुजवताय तुम्ही. सगळे काढा आणि समोर नेऊन टाका. विचार काय करायचा त्यात?"

ताईंनी मला पिशवीत टाकले. माझा कोरा रकाना एका दिवसात बरबटणार होता.

काउंटरवर एक पिकल्या केसांच्या बाई बसत. माझ्यातल्या बऱ्याच नोंदी त्यांच्याच हातच्या. ताई म्हणाल्या, "सगळे पैसे रोख द्या. समोर न्यायचेत."

"रोख नका नेऊ हो," त्या घाईने म्हणाल्या. "काढलेत की सतरा वर्षांची करमुक्ती गेली म्हणून समजा. समोर गेल्यावर वर्षाची ठरलेली रक्कम तेवढी करमुक्त भरता येईल, उरलेले साध्या खात्यात जातील. न्यायचेच असतील तर बदलीचा अर्ज भरा. बँक बँकेला पाठवते."

"व्याज एवढंसं. त्यावर कर लागून लागणार किती?"

"आज काहीच नाही. पण दर कधीतरी वर जातील, तेव्हा हळहळाल."

"मग तुम्ही दर वाढवा ना. तुमचं व्याज म्हणजे नुसती थट्टा आहे."

"थट्टाच आहे. माझ्या हातात असतं तर कधीच वाढवलं असतं." बाईंनी मला उघडले. "समोर जास्त मिळेल, पण पैसे पाच वर्षं अडकतील. मध्येच काढलेत तर व्याज कापतात. तुम्हाला पैसे कधी लागणार आहेत?"

"पैसे नकोत मला. व्याज हवंय. भाड्यापुरतं." आणि मग ताईंनी धाकटीचे गुडघे, खोली, शनिवार, सारे सांगून टाकले.

बाईंनी गणकयंत्रावर बोटे चालवली. "आमच्याकडे दोन महिन्यांचं भाडं निघेल. समोर चार. आज कुठल्याच बँकेत बारा निघणार नाही, ताई." मग माझ्या शेवटच्या शिलकेवर बोट ठेवून त्यांनी पुन्हा काहीतरी भागले. "आणि व्याज सोडा, याच पैशातून भाडं दिलंत तर सोळा वर्षं पुरेल."

"किती?"

"सोळा."

ताई तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. मला मांडीवर घेऊन त्यांनी पाने मागे उलटली, पार नवव्या वर्षापर्यंत. तिथल्या शिलकेवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले. तेव्हाही ते पैसे भाड्याला तेरा वर्षे पुरले असते. मग त्या उठल्या आणि काउंटरपाशी जाऊन म्हणाल्या, "खातं इथेच राहू द्या. दर महिन्याला हात घालता आला पाहिजे. आणि या महिन्याचं भाडं द्या."

चौथ्या रकान्यात पहिली नोंद झाली. मी शरमेने मान खाली घातली असती, पण पासबुकाला मान नसते.

धाकटी आली. मी तिला फारसे पाहिले नाही. ती खाली आणि मी वर. पण दुपारी यंत्र थांबे, ताई चव्वेचाळीस पायऱ्या उतरत आणि जिन्यातून दोघींचे हसणे वर येई. पूर्वी जेवणाचे ताट टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये येत असे. आता वरच्या खोलीत जेवण होईनासे झाले. महिन्यातून एकदा ताई मला बँकेत नेत, पैसे काढत आणि परत खणात ठेवत. ठेवताना गुणगुणत. मला फार एकटे वाटायचे. पण चौथ्या रकान्यातल्या नोंदींची मला लाज वाटेनाशी झाली.

अशा चौदा नोंदी झाल्या. पंधरावी झालीच नाही. धाकटीच्या छातीत दुखू लागले आणि तीन दिवसांत ती गेली. मला ते ताईंच्या ताटावरून कळले. ते परत कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये आले.

त्यानंतर चार वर्षे मला कोणी खणाबाहेर काढले नाही. खोलीत दुसरे भाडेकरू आले. यंत्र कमी कमी चालू लागले. परवा बँकेने जुनी पासबुके तपासायला मागवली, म्हणून ताईंनी मला बाहेर काढले. पिकल्या केसांच्या बाईंनी चार वर्षांचे व्याज एका दमात नोंदवले आणि चेहरा खुलवून म्हणाल्या, "ताई, दर वर गेले की! आता वर्षाच्या व्याजात बारा महिन्यांचं भाडं अगदी पुरेपूर निघतं बघा."

"हो का," ताई म्हणाल्या. "बरं झालं."

काउंटरवरच्या बाईंची नजर चौथ्या रकान्यातल्या चार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या नोंदीवर गेली आणि त्यांनी मला मिटून हलकेच पुढे सरकवले. ताईंनी माझी शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली आणि मला पिशवीत ठेवले.

मित्रांनो, आता मी पुन्हा खणात आहे. टाके अजून पक्के आहेत, शिल्लकही पुष्कळ आहे. तुम्ही मोठे झालात की तुमच्याकडेही माझ्यासारखे एखादे खाते येईल. त्याचा दर जरूर पाहा, करमुक्ती जपा, अर्ज नीट वाचा. पण सर्वांत आधी विचारा, की हे पैसे ज्याच्यासाठी आहेत, तो माणूस किती दिवस थांबू शकेल. मला हे कोणी विचारले नाही, आणि मीही माझ्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसले. आज त्या रकान्यात फक्त चौदा ओळी आहेत. पंधरावीसाठी जागा आहे, पैसेही आहेत.