ओस्टबीबाईंची किटली आणि सहावी गोळी

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे खरं, पण मी आता लोखंडी कपाटात, कुलपाआड आहे, आणि माझ्या पोटात एकही गोळी नाही. तेव्हा निवांत बसा आणि ऐका. माझ्यासारख्याची गोष्ट ऐकायला सहसा कुणी बसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही; भट्टीची ऊब आठवते आणि कानस फिरवणाऱ्या माणसाची शीळ. शुद्धीवर आलो तो अमेरिकेतल्या मोंटानात, हॅराल्ड ओस्टबीच्या कमरेला. गुरांचं कुरण, मैलोगणती तारेचं कुंपण, त्यात दगडांखाली शेपटी खुळखुळवणारे विषारी साप. माझं काम एवढंच, की वासरू किंवा घोडा सापावर पाय देण्याआधी आवाज करायचा. हॅराल्ड रोज संध्याकाळी मला तेल लावायचा, माझ्या अक्रोडी मुठीवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "चांगला आहेस रे गड्या." मी फुलून जायचो. कौतुक कुणाला नको असतं?

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या चक्रीला सहा घरं आहेत, एकेका घरात एकेक गोळी. मागे एक हातोडी आहे, ती गोळीच्या बुडावर आपटली की गोळी सुटते. एरवी ती एका बारीक खाचेत अडकून गोळीपासून जराशी लांब राहते. एके दिवशी हॅराल्डचा पट्टा खुर्चीवरून घसरला, मी जमिनीवर उताणा आपटलो आणि ती खाचच तुटली. गोळी सुटली ती थेट चुलीवरच्या कॉफीच्या किटलीतून आरपार. किटलीशेजारी ओस्टबीबाई उभ्या होत्या. चार बोटांचं अंतर!

त्या दिवसापासून मी खणात पडलो. तेल नाही, हात नाही. मूठ कोरडी पडली. हॅराल्ड गेला, बरीच वर्षं गेली, आणि बाईंनी घर आवरून जुनं सामान विकायला काढलं तेव्हा अंगणातल्या मेजावर, जुन्या लगामांच्या आणि बरण्यांच्या मधोमध, मला ऊन दिसलं.

तिथे मला डेल रॅस्मसन भेटला. चांगला माणूस, पण हट्टी. सोबत त्याची बायको कोरीन. डेलने मला उचललं, हातोडी मागेपुढे करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"अहो मिसेस ओस्टबी, याची खाच तुटलीय की! हे तर जिवावरचं दुखणं. भाव उतरवा थोडा."

"उतरवते," बाई म्हणाल्या. "पण दुरुस्त होईपर्यंत पाचच गोळ्या भरायच्या. हातोडीखालचं घर रिकामं. आमच्याकडे सगळे जुने लोक तसंच करायचे. एकदाच हॅराल्डने ऐकलं नाही." आणि त्यांनी ती भोक पडलेली किटली कोरीनच्या हातात ठेवली. "ही फुकट. ही याच्याबरोबरच शोभते."

मित्रांनो, आता माणसाची गंमत बघा. भाव करताना जे जिवावरचं दुखणं होतं, ते घरी पोचेपर्यंत किरकोळ झालं!

"लाइलकडे टाकून ये ना ते," कोरीन म्हणायची. लाइल म्हणजे गावातला बंदुका दुरुस्त करणारा.

"टाकतो गं. किरकोळ काम आहे, अर्ध्या दिवसाचं."

"अर्ध्या दिवसाचं आहे तर मग अडलंय कुठे?"

अडायला काय, गाईंची वीण होती, मग कुंपण होतं, मग ट्रकचं चाक. शिवाय डेल भरायचा सहाच्या सहा गोळ्या. "सहा घरं बांधलीत ती काय शोभेला?" असं वर हसून म्हणायचा. मला तेल मिळत होतं, पुन्हा कमरेला मिरवत होतो, पण सुख नव्हतं. माझी हातोडी थेट गोळीच्या बुडावर टेकलेली. ट्रक खड्ड्यातून गेला की माझा जीव गोळा व्हायचा. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मला ओरडता येतं ते एकाच प्रकारे, आणि तेच तर टाळायचं होतं.

मग वासरांना तापल्या लोखंडाने मालकीचा डाग द्यायचा दिवस आला. त्या दिवशी आजूबाजूचे सगळे आपापले घोडे घेऊन मदतीला येतात. उजाडताना डेलने मला भरून पट्टा खुंटीला लावला आणि तो धिरडी खायला बसला. तेवढ्यात कोरीन आली. ती कुरणावरच वाढलेली. मला कसं हाताळायचं ते तिला कुणी शिकवायला नको. तिने चक्री फिरवली, एक गोळी काढली, रिकामं घर हातोडीखाली आणलं आणि काढलेली गोळी मुठीत घेऊन निघून गेली. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

खाऊन झाल्यावर मला कमरेला बांधून डेल अंगणात बस्टरवर खोगीर कसत होता. बस्टर महा लबाड घोडा. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला लागलं की पोट फुगवून उभा राहतो. म्हणून डेलने आपल्या बाजूची पाय ठेवायची रिकीब वर उचलून खोगिराच्या मुठीला अडकवली, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी तंग ओढला. बस्टरने अंग झाडलं. लाकडी, जडच्या जड रिकीब सुटली आणि सणसणीत खाली आली, ती नेमकी माझ्या हातोडीवर.

टक्!

बस, एवढंच. माझं तोंड त्याच्या मांडीला लागून खाली होतं, आणि दवाखाना दोन तासांवर.

डेल दगडासारखा उभा राहिला. मग त्याने मला सावकाश बाहेर काढून उघडलं. रिकामं घर बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"कोरीन," तो ओसरीकडे वळून म्हणाला, "मी सहा भरल्या होत्या."

"माहितीये."

ती आत गेली आणि किटली घेऊन आली. त्याच्यासमोर धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"ही तुझी सहावी. आता ओरड माझ्यावर, विचारल्याशिवाय हात लावला म्हणून. ओरड ना!"

डेल कसला ओरडतोय! तो गवतात मटकन बसला. कोरीन शेजारी बसली आणि तिला रडू फुटलं. "तुझी अशी किटली झालेली मला बघायची नव्हती रे, मूर्खा," ती म्हणाली.

तो उठला, सगळ्या गोळ्या काढून तिच्या हातात दिल्या आणि ट्रककडे निघाला. तेवढ्यात शेजारी येऊन पोचलेच.

"काय डेल, वासरं टाकून कुठे? डाग काय तुझी बायको देणार?"

"तीच देणार. तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे!"

लाइलने खाचेसकट नवी हातोडी बसवली. दुपारच्या जेवणाआधी मी धडधाकट झालो. खरंच किरकोळ काम होतं, मित्रांनो. मला त्याचंच वाईट वाटतं.

आता डेल थकलाय, सापांवर काठीनेच भागवतो, आणि मी कपाटात असतो. खाच शाबूत होती तरी शेवटपर्यंत त्याने पाचच गोळ्या भरल्या. माझं तुमच्याजवळ एक मागणं आहे. माझ्या जातीची वस्तू कुठे उघड्यावर दिसली तर बोट लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आणि घरात काही तुटलेलं असेल, कुणी "किरकोळ आहे, बघू" म्हणत असेल, तर त्याच्या मागे लागा. चिडले तरी लागा. कोरीनने पाठ सोडली नाही म्हणून डेल आजही आपल्या दोन पायांवर चालतो.

आयुष्यात मी पुष्कळ गोळ्या झाडल्या. त्यातली एकही मला आता आठवत नाही. आठवते ती न झाडलेली. ती अजून खिडकीतल्या किटलीत आहे. कोरीन धूळ पुसायला किटली उचलते तेव्हा ती खुळखुळते, आणि डेल जिथे असेल तिथून विचारतो, "आहे ना गं आत?"